पॅक फाइल म्हणजे डब्ल्यूपॅड नव्हे

‘सर, डब्ल्यूपॅड तीनदा बदलला, तरी नव्या मजल्यावर नेट चालत नाही,’ असं एक सहकारी मला सांगत होता. त्याने तीनदा बदलली होती ती पॅक फाइल. नुसतं नाव चुकलं असतं तर मी सोडून दिलं असतं, पण या घोळापायी माणसं धडधाकट फाइल उसवत बसतात.

पॅक फाइल तुम्ही पाहिलेली असणारच. नेटस्केपने १९९६ मध्ये आणलेली, जावास्क्रिप्टमधल्या एका फंक्शनची फाइल. ब्राउझर तिला साइटचा पत्ता देतो, ती उत्तर देते: अमुक प्रॉक्सीकडून (म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत) जा, नाहीतर थेट जा. संपलं.

डब्ल्यूपॅडमध्ये मात्र प्रॉक्सीचा पत्ताच नसतो. ती पॅक फाइल शोधायची रीत आहे. मशीन नेटवर्कवर आलं की आधी डीएचसीपीला, म्हणजे मशीनना नेटवर्कचा पत्ता वाटणाऱ्या सर्व्हरला, विचारतं, २५२ नंबरच्या ऑप्शनमध्ये फाइलचा पत्ता आहे का? नसेल तर डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, ‘डब्ल्यूपॅड’ नावाचं मशीन शोधतं आणि त्याच्याकडे ‘डब्ल्यूपॅड डॉट डॅट’ मागतं. ही डॅट फाइल म्हणजे नाव बदललेली पॅक फाइलच. घोळाचं मूळ बहुधा या नावात आहे.

म्हणून बिघाड झाला की आधी एवढंच करा: ऑटो डिटेक्ट, म्हणजे डब्ल्यूपॅडचा शोध, बंद करून पॅक फाइलचा पत्ता सेटिंगमध्ये हाताने टाका. आता चाललं, तर फाइल ठीक आहे, शोध फसतोय. फाइल पोचूनही साइट भलत्या वाटेने जात असेल, तरच फाइल उघडा.

सहकाऱ्याकडे हाताने पत्ता टाकताच सगळं चाललं. नव्या मजल्याच्या डीएचसीपी स्कोपमध्ये (त्या मजल्याच्या पत्त्यांच्या सेटिंगमध्ये) २५२ टाकायचंच राहिलं होतं. ‘पण डीएनएसमध्ये नोंद आहे ना!’ होती की. पण विंडोज सर्व्हर २००८ पासून मायक्रोसॉफ्टचा डीएनएस सर्व्हर ‘डब्ल्यूपॅड’ या नावाला मुद्दाम उत्तर देत नाही. ग्लोबल क्वेरी ब्लॉक लिस्टमध्ये, म्हणजे उत्तर द्यायचं नाही अशा नावांच्या यादीत, ते नाव आधीपासूनच असतं. कन्सोलमध्ये नोंद डोळ्यांसमोर दिसते आणि डीएनएसला नाव विचारून बघणारा एनएसलुकअप म्हणतो, असं नावच नाही. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

ही अडवणूक उगाच नाही. कुणीही आपल्या मशीनला ते नाव देऊन सगळ्यांचं ट्रॅफिक स्वतःकडे वळवू शकतो. लॅपटॉप तर कॅफेच्या वायफायवरही हाच प्रश्न विचारत सुटतो, आणि जो उत्तर देईल त्याचं ऐकतो. त्यामुळे माझ्या ऑफिसात ऑटो डिटेक्ट सरळ बंद असतो. पॅकचा पत्ता ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम सेटिंग देणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, जातो, क्रोम आणि एज विंडोजचंच ऐकतात. फायरफॉक्समध्ये प्रॉक्सीचं पान वेगळं आहे, तिथे ‘सिस्टीमची सेटिंग वापरा’ निवडलंय ना, तेवढं बघायचं.

आणि विंडोजच्या प्रॉक्सीच्या पानावर ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट’ आणि ‘सेटअप स्क्रिप्ट’ ही दोन बटणं शेजारी आहेत म्हणून दोन्ही चालू ठेवणारे भेटतात. ‘असू दे, दोन्ही असलेलं बरं.’ नाही हो, पहिलं बंद करा.