लॉनच्या आधी इथे काय होतं? खान्देशातल्या ओपन स्पेसची पार्श्वभूमी

कॉलनीच्या ओपन स्पेसमधलं लॉन काढावं, तिथे देशी गवत आणि झुडपं वाढू द्यावीत, पाखरं-फुलपाखरं येतील अशी जागा करावी, असा विषय जळगाव-धुळ्याकडे सभेत निघाला की लगेच दोन प्रश्न उभे राहतात. साप येतील का? आणि मोकळी दिसणारी जागा कुणी बळकावली तर? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण या जागेवर लॉन कधी आणि कसं आलं, ते येण्याआधी इथे काय उगवत होतं, हे ठाऊक असलं तर वाद जरा वेगळा चालतो. म्हणून ही टिपण.

फार जुन्या काळात शिरायचं कारण नाही. तापीकाठची खोल काळी सोडली, तर साक्री-शिंदखेड्यापासून पारोळा-चाळीसगावपर्यंत बरीचशी जमीन हलकी, मुरमाड. पाऊस पाचशे ते सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आटोपणारा. उरलेले आठ महिने कोरडे. अशा मुलखात दाट जंगल सगळीकडे नव्हतं. उंच गवत आणि त्यात विखुरलेली झाडं, हा इथल्या मोकळ्या जमिनीचा स्वभाव. मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी ही गवतं; बाभूळ, हिवर, बोर, पळस, अंजन, हिंगणबेट ही झाडं; आणि नेपती, तरवड, रुई अशी झुडपं. या गवतावर गावची गुरं आणि ठेलाऱ्यांची मेंढरं जगत.

गवताला तेव्हा बाजारातही किंमत होती. रोशा गवतापासून तेल काढायच्या भट्ट्या पिंपळनेर-नंदुरबार भागात एकोणिसाव्या शतकात चालत. मोतिया आणि सोफिया असे त्याचे दोन प्रकार. मोतियाचं तेल उंची, सोफियाचं हलकं. मुंबईमार्गे हा माल परदेशी जाई, आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरला जाई. इस्तंबूलच्या बाजारातल्या अत्तराला आपल्या डोंगरउतारावरच्या गवताचा वास असायचा, ही गोष्ट आज साक्रीत सांगितली तर लोक हसतात. रोशा अजूनही सातपुड्याच्या पायथ्याला उगवतो. हातात चुरगाळला की ओळखू येतो.

मग कापूस आला, म्हणजे वाढला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद पडला आणि खान्देशातली जमीन भराभर नांगराखाली गेली. उरलेलं गवत गायरानात आणि बांधावर आलं. सरकारी दप्तरात जमिनीची ओळख पिकावरून होती. जिथे पीक नाही ती पड. या नोंदीचा परिणाम शंभर-दीडशे वर्षांनीही जाणवतो, कारण माळ म्हणजे वाया गेलेली जमीन हा समज तिथूनच पक्का झाला.

लॉन आलं ते साहेबाच्या बंगल्याबरोबर. सारखं कापलेलं हिरवं गवत ही थंड, ओल्या हवेतल्या जमीनदारांची हौस. इंग्लंडमध्ये १८३० साली कापणीचं यंत्र निघालं आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. भारतात ती छावण्या, क्लब, जिल्हाधिकाऱ्यांचे बंगले यांच्यासोबत पसरली. भुसावळात १८६०च्या दशकात रेल्वे आली आणि साहेबलोकांच्या बंगल्यांभोवती बागाही आल्या. भारतात लॉनसाठी सर्वात जास्त वापरली गेली ती हरळी. गंमत अशी, की काळ्या रानातला शेतकरी ज्या हरळीचे गड्डे खणून काढता काढता आयुष्य घालवतो, तीच हरळी गावात आणून तिला पाणी घालायला माणूस ठेवतात.

तरी सामान्य माणसाच्या घरापुढे लॉन नव्हतं. अंगण सारवलेलं, दारात तुळस, परसात शेवगा आणि कढीपत्ता. बदल झाला तो अलीकडे, आणि खरी पार्श्वभूमी याच चाळीसेक वर्षांची आहे.

१९७२च्या दुष्काळानंतर गावाकडून शहराकडे ओघ वाढला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ठिबक आलं, केळीचं उत्पन्न वाढलं, शिक्षक, बँकवाले, रेल्वेवाले, केळीवाले असे सगळे प्लॉट घेऊ लागले. शहरालगतची शेतं एन.ए. होऊन त्यांचे लेआउट पडले. लेआउट मंजूर करताना साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडायची, हा नियम जुनाच; डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली, तिच्यातही चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेला तो आहे. ही दहा टक्के जागा म्हणजे आपली ओपन स्पेस. पहिली दहा-वीस वर्षं ती तशीच पडून असायची. पोरं क्रिकेट खेळायची, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू आणि कुसळी माजायची, दिवाळीनंतर कुणीतरी गुरं सोडायचं. कागदावर ती अविकसित. प्रत्यक्षात कॉलनीतला सर्वात जिवंत तुकडा तोच होता, असं आता मागे वळून म्हणावं लागतं.

मग विकास आला. चेनलिंक किंवा भिंतीचं कंपाउंड, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, व्यायामाची यंत्रं, हायमास्ट दिवा आणि मधोमध लॉन. जून २०१५ मध्ये केंद्राची शहरी योजना सुरू झाली, तिच्यात पाणीपुरवठ्याच्या मोठ्या कामांबरोबर हरित जागांसाठीही थोडा वाटा राखलेला होता. त्या वाट्यातून आणि स्थानिक निधीतून बागा होत गेल्या. रोपं आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून ट्रकने येतात, लॉनच्या लाद्या लाल मातीसकट. ती लाल माती आमच्या काळीवर अंथरली जाते. पावसाळ्यात खालची काळी फुगते, पाणी धरून ठेवते आणि लॉन कुजतं. एप्रिल-मेमध्ये काळीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची हिरवी चादर मधोमध उसवते. माळी भेगेत वाळू भरतो, पाणी वाढवतो.

पाण्याचा हिशेब करायला यंत्र लागत नाही. दहा गुंठ्यांचं लॉन म्हणजे हजारेक चौरस मीटर. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले, तरी पाच हजार लिटर होतात, म्हणजे रोज एक छोटा टँकर. ज्या शहरांत नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, तिथे हा टँकर बहुधा बोअरच्या पोटातून निघतो.

याच काळात राज्यभर झाडं लावण्याची मोठी लाट होती. १ जुलै २०१६ ला एका दिवसात दोन कोटी, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी असं लक्ष्य चढत गेलं. रोपं लावायला जागा हवी. जागा मिळाली ती गायरानात, टेकड्यांवर, माळावर. गवत काढून खड्डे घेतले गेले. शहरी झाडांसाठी राज्यात १९७५ पासून कायदा आहे. फांदी तोडायला परवानगी लागते, गवत कितीही खरवडा, कुणी विचारत नाही. निसर्गप्रेमाचा कलही झाडाकडेच राहिला. रानपिंगळा हा छोटा घुबड १८८४ नंतर कुणाला दिसला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये परदेशी अभ्यासकांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि खान्देशाचं नाव जगभर गेलं. चांगलंच झालं. पण तेव्हापासून इथला निसर्ग म्हणजे सातपुडा, असं समीकरण बसलं आणि मैदानातल्या माळाची आठवण मागे पडली.

सध्याचा सगळ्यात मोठा वाद मियावाकीचा आहे. एका जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाची ही पद्धत: माती खोल खणायची, खत-भुसा मिसळायचा, चौरस मीटरला तीन-चार देशी रोपं दाटीने लावायची, दोन-तीन वर्षं पाणी द्यायचं, मग सोडून द्यायचं. दहा गुंठ्यांत तीन हजारांवर रोपं बसतात. लॉन काढायचं ठरलं की पहिला प्रस्ताव हाच येतो, आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. दोन वर्षांत डोक्यावर झाडी येते, धूळ अडते, सावली पडते, बुलबुल, शिंपी, भारद्वाज आसरा घेतात. वार्षिक गुणांच्या स्पर्धेत नगरपालिकेला दाखवायला आकडा मिळतो. आणि सर्वात वजनदार मुद्दा कॉलनीवाल्यांचा: दाट झाडीत कुणी मंडप टाकत नाही, गाड्या लावत नाही, राडारोडा ओतत नाही. गवताच्या जागेवर हे सगळं होतं. ओपन स्पेसवर सभामंडप, मग त्याला भिंती, मग कुलूप, हा क्रम इथे सगळ्यांनी पाहिला आहे.

विरोधकांचं म्हणणं असं, की ही पद्धत मुळात जिथे जंगलच असायला हवं अशा जागेसाठी बेतलेली. आपल्या मैदानावर नैसर्गिकपणे एवढी दाटी कधी नव्हतीच. तीन हजार रोपं जगवायला दोन-तीन उन्हाळे टँकर लागतात, म्हणजे लॉनचंच दुखणं दुसऱ्या नावाने. त्यात देशी म्हणून जी यादी येते, तिच्यात कोकणातली आणि घाटावरची झाडं सर्रास असतात. हिवर आणि हिंगणबेट मात्र नर्सरीत मिळत नाहीत म्हणून गळतात. शिवाय सावलीखाली गवत मरतं, आणि गवताबरोबर त्याच्या बियांवर जगणाऱ्या मुनिया, लावे, माळावरचे चंडोल, गवतावरच अळ्या वाढवणारी तपकिरी फुलपाखरं, हे सगळे जातात. मला हे म्हणणं जास्त पटतं. पण बळकावण्याच्या मुद्द्याला विरोधकांकडे चांगलं उत्तर नाही, हेही खरं. कंपाउंड आणि फलक, एवढंच ते सांगतात.

परदेशातून आलेल्या कल्पनांचाही घोळ यात आहे. अमेरिकेत १९७३ पासून एक संस्था घराच्या अंगणाला वन्यजीवांचा अधिवास म्हणून प्रमाणपत्र देते. ब्रिटनमध्ये २०१९ पासून मे महिना लॉन न कापण्याची मोहीम चालते. ती मोहीम इथे जशीच्या तशी आणणाऱ्यांनी कॅलेंडर पाहिलेलं नसतं. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, गवत वाळून पिवळं झालेलं असतं. कापायचं काय आणि सोडायचं काय! इथे हात आवरायचा तो आषाढापासून दिवाळीपर्यंत. गवत निसवतं, बी धरतं, बी गळतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्यानंतर एकदा विळ्याने कापलं की पुढच्या वर्षाचं बियाणं जमिनीत पडलेलं असतं, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला वणवा लागायला काही उरत नाही.

कुसळीचं बी या कामात पटाईत. त्याच्या टोकाला काळपट, पीळ असलेला लांब तुरा असतो. पहिल्या सरीने तुरा भिजला की पीळ उलगडतो, वाळला की पुन्हा बसतो, आणि या उलट-सुलट फिरण्यात अणकुचीदार बी भेगेत शिरत जातं. पायमोज्यात शिरतं तेही असंच, त्यामुळे मुलं खेळतात त्या बाजूला कुसळी नको, मारवेल बरी.

नुसतं लॉनला पाणी तोडून वाट पाहिली तर मात्र गाजरगवत येतं. पन्नासच्या दशकात पुण्याकडे प्रथम दिसलेलं हे परदेशी तण खुली माती दिसली की तिथे ठाण मांडतं. ते फुलण्याआधी उपटावं लागतं, तेही हातमोजे घालून, कारण अंगाला खाज सुटते. वेडी बाभूळ आणि घाणेरी यांचंही तेच. पहिले दोन पावसाळे हे काम चुकत नाही.

सापांबद्दल: साप येतात ते मुख्यतः उंदीर-बेडकांमागे, आणि उंदीर येतात कचऱ्यामागे. म्हणून गवताइतकाच कोपऱ्यातला ढीग महत्त्वाचा. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टा कापून ठेवला की पाऊल कुठे पडतंय ते दिसतं. वणवा पसरू नये म्हणून वनखात्याची माणसं गवत काढून जाळरेषा आखतात, तिचंही थोडंफार काम हाच पट्टा करतो.

राहिला प्रश्न बियाण्याचा. मारवेलचे सुधारित वाण कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी काढले आहेत आणि ते ठोंबांवर लावतात. पावसाच्या सुरुवातीला फूट-दीड फुटावर ठोंब खोचली की पहिल्या वर्षात जमीन झाकते. पवन्या आणि डोंगरीचं बी गावाबाहेरच्या बांधावरून, टेकडीवरून दिवाळीच्या आगेमागे ओरबाडून आणावं लागतं. कापलेलं गवत गोठेवाले उचलून नेतात, कधी दोन पैसेही देतात. लॉनच्या निविदेत चौरस फुटाचा दर असतो, ठेकेदार असतो, बिल असतं. मारवेलच्या ठोंबांसाठी बहुतेक ठिकाणी अजून कॉलनीतलाच कुणीतरी मोटारसायकलवर पोतं बांधून जातो.