मुलाला टेन्शन आलंय, मग इलाज कुणावर करायचा?

नालंदा म्हटलं की आपल्याला ते जुनं विद्यापीठच आठवतं, पण शाळकरी मुलांच्या मनाबद्दल भारतात झालेला एक जबरदस्त प्रयोग पण बिहारच्या याच नालंदा जिल्ह्यात झालाय, आणि तो केला मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या, गोव्यातल्या संगाथ या संस्थेच्या लोकांनी. नाव होतं 'सेहर'. ७४ सरकारी हायस्कूल, नववीतली साधारण १३ हजार मुलंमुली, आणि शाळांचे चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे तीन गट. तिन्ही गटांत जीवनकौशल्यांचे नेहमीचे सरकारी तास होतेच. पहिल्या गटाला फक्त तेवढंच. दुसऱ्या गटात त्याशिवाय शाळेतल्याच एका शिक्षकाला ट्रेनिंग देऊन 'सेहर मित्र' केलं. तिसऱ्या गटात बाहेरून एक माणूस आणून बसवला, तो डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही, साधा शिकलेला माणूस, त्याला शिकवून तयार केलं आणि हेच त्याचं फुलटाइम काम.

आता गंमत बघा. दोघांनाही काम एकच दिलेलं, पण आठ महिन्यांनी मोजलं तर बाहेरून आलेल्या माणसाच्या शाळांमध्ये मुलांचं डिप्रेशनचं प्रमाण कमी, दादागिरी कमी, मारामारी कमी आणि शाळेबद्दलचं मुलांचं मत खूपच चांगलं. शिक्षकाच्या शाळांमध्ये? नेहमीच्या तासांपेक्षा विशेष काहीच फरक नाही. २०१८ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि सुरुवातीपासून १७ महिन्यांनी परत मोजलं तेव्हा फरक विरून जायच्या ऐवजी अजून वाढलेला निघाला. असं फार कमी वेळा होतं, अशा प्रोग्रॅमचा असर बहुतेक वेळा वर्षभरात उतरतो.

तो माणूस करायचा काय मग? अडचणीत असलेली मुलं एकेकटी येऊन बोलायची, ते होतंच, पण बराचसा वेळ अख्ख्या शाळेवर जायचा. भिंतीवर दर महिन्याला एक विषय घेऊन मुलांनीच काढलेलं भित्तिपत्रक, परिपाठाच्या वेळी त्यावर बोलणं, मुलांचे छोटे गट, शाळेत मारहाण चालणार नाही याचे लेखी नियम. आणि एक पेटी. मुलांनी नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, आणि त्यातलं जे सगळ्यांपुढे बोलण्यासारखं असेल ते परिपाठात सगळ्यांसमोर घ्यायचं.

ही पेटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पेटी तर आपल्याकडे पण आहे. महाराष्ट्रात शाळेत तक्रारपेटी लावायचे आदेश जुनेच आहेत, बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने ते परत काढले. पण किती शाळांमध्ये ती पेटी ऑफिसच्या अगदी दारात, शिपाईमामांच्या खुर्चीच्या वर टांगलेली असते! तिथे सगळ्यांच्या देखत चिठ्ठी टाकायची हिंमत सातवीतल्या कुठल्या मुलीची होणार? आणि टाकली तरी पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही, मग दुसरी चिठ्ठी येतच नाही, आणि मग मीटिंगमध्ये सांगितलं जातं की आमच्याकडे काही तक्रार नाही. पेटीत काय पडलं ते वाचून कुणीतरी आठवडाभरात उत्तर देतंय, संडासाला कडी नव्हती ती लागली, असं एकदा मुलांना दिसलं की मग ती मोठ्या गोष्टी पण लिहायला लागतात.

शिक्षकांना का जमलं नाही याचं कारण शोधायला फार लांब जायला नको असं मला वाटतं. एक तर वेळ. ऑनलाइन माहिती भरा, निवडणुकीची कामं करा, खिचडीचा हिशोब ठेवा, आणि उरलेल्या वेळात मुलांची मनं सांभाळा. आणि दुसरं म्हणजे जे सर गणिताचे मार्क देणार, वर्गात उभं करणार, घरी फोन करणार, त्यांच्याच समोर जाऊन 'सर मला रात्री रडू येतं' असं कोण सांगेल? सर चांगले असले तरी नाही सांगणार. यात शिक्षकांना दोष देण्यासारखं काही नाही, खुर्चीच तशी आहे.

बरं, मग वर्गातच सगळ्यांना मन शांत ठेवायचं शिकवून टाकलं तर? डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या वगैरे. ब्रिटनमध्ये हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून झालाय, त्याचं नाव 'मिरियड', ८५ शाळा, ११ वर्षांच्या पुढची आठ हजारांवर मुलं, शिक्षकांना आधी नीट ट्रेनिंग, मग मुलांना माइंडफुलनेसचे दहा तास. २०२२ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर नेहमीच्या शाळांमधल्या मुलांपेक्षा यांच्या मनःस्थितीत काहीही फरक नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता, जे कुठल्याही आईला आधीच सांगता आलं असतं. आणि त्यातला एक छोटासा निष्कर्ष फारसा कुणी वाचला नाही, की ज्या शिक्षकांनी हे शिकवलं त्यांचाच थकवा त्या काळात थोडा कमी झाला होता आणि शाळेचं वातावरण पण जरा सुधारलं होतं! ध्यान वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, ज्याला आवडतं त्याने करावं, पण अख्ख्या वर्गाला एक तास वाढवून दिला की काम झालं, असं धरून चालणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

आता घराकडे येऊ, कारण खरी मजा इथे आहे.

सोमवारी सकाळी पोट दुखणारी मुलं सगळ्या बालरोगतज्ज्ञांना माहिती असतात. रविवारी दिवसभर मस्त, भेळ खाल्ली, क्रिकेट खेळून झालं, आणि सोमवारी युनिफॉर्म घालायच्या वेळेला पोटात कळ. आजी म्हणते नाटकं आहेत. नाटक नसतं हो. भीती वाटली की मेंदू अड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स सोडायची ऑर्डर देतो, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, आतड्यांची हालचाल बिघडते, आणि आतड्याच्या भिंतीत स्वतःच्याच कोट्यवधी मज्जापेशी असतात ज्या मेंदूशी सतत बोलत असतात, त्यामुळे दुखणं शंभर टक्के खरं असतं. फक्त त्याचं मूळ पोटात नसतं. (पण झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, ताप, सारख्या उलट्या, शीतून रक्त, यातलं काही असेल तर मनाचं म्हणून सोडून देऊ नका, आधी डॉक्टर.)

मग आपण काय करतो? 'राहू दे आज घरी.' आणि दहा वाजता पोट एकदम बरं. इथेच गडबड होते, कारण मूल मुद्दाम काही शिकत नसलं तरी मेंदू शिकतो: शाळा टाळली, सुटलो, म्हणजे शाळा खरंच धोक्याची होती. दुसऱ्या दिवशी भीती थोडी जास्त. महिनाभरात हेच मूल शाळेच्या नुसत्या नावाने थरथरायला लागतं आणि आई-बाबा थकून जातात, एक म्हणतो लाडावून ठेवलंय, दुसरा म्हणतो तुम्ही फार ओरडता.

अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी यावर एक वेगळीच गोष्ट करून बघितली. चिंतेचा त्रास असलेली ७ ते १४ वर्षांची १२४ मुलं, त्यातल्या अर्ध्यांना नेहमीची थेरपी, मूल आणि थेरपिस्ट समोरासमोर. बाकी अर्ध्यांच्या बाबतीत थेरपिस्ट मुलाला भेटलाच नाही, बारा आठवडे फक्त आई-बाबा यायचे. २०२० मध्ये निकाल छापून आला, दोन्हीकडची मुलं जवळजवळ सारखीच सुधारली. म्हणजे ज्या मुलाने थेरपिस्टचं तोंडही बघितलं नाही त्याची भीती कमी झाली, कारण घरातल्या मोठ्यांचं वागणं बदललं.

काय शिकवायचे आई-बाबांना? दोनच गोष्टी. एक, बोलायचं कसं. आपल्याकडे दोन टोकं असतात, एकतर 'काय घाबरायचंय त्यात, शेजारचा अथर्व बघ' नाहीतर 'अरे माझ्या सोन्या, नको जाऊस'. पहिल्यात मुलाची भीतीच नाकारली जाते आणि दुसऱ्यात ती आपण पण मान्य करून टाकतो. त्याऐवजी एकाच दमात दोन्ही सांगायचं: 'तुला भीती वाटतेय ते कळतंय मला, त्रास होतोय तुला, आणि तरी तुला जमेल हेही माहितीये मला.' बस. पुढे लेक्चर नाही. बोलून बघा, पहिल्यांदा फार कृत्रिम वाटतं आणि शेवटी जीभ वळतेच 'म्हणून आता पटकन आवर'कडे.

दुसरं म्हणजे आपण मुलाच्या भीतीसाठी घरात काय काय बदललंय त्याची यादी करायची. आठवीतल्या मुलाशेजारी झोप लागेपर्यंत बसणं, क्लासमध्ये त्याच्या वतीने आपणच बोलणं, परीक्षेच्या आधी वीस वेळा 'सोपा असेल ना पेपर?' ला 'हो रे सोपा असेल' म्हणणं. यातली एकच गोष्ट निवडायची, मुलाला आधी शांतपणे सांगायचं, शक्यतो लिहून द्यायचं, की सोमवारपासून मी हे उत्तर रात्री एकदाच देणार, आणि मग तसंच करायचं. पहिले काही दिवस रडारड होते. आजी-आजोबा एकत्र राहत असतील तर त्यांनाही आधीच सामील करून घ्यायला लागतं, नाहीतर इकडे बंद केलेलं दार तिकडून उघडतं.

पण थांबा, हे सगळं चुकीच्या भीतीसाठी आहे. शाळेच्या बसमध्ये कुणी रोज डबा हिसकावत असेल, कुणी घाणेरडं बोलत असेल, कुणी अंगाला हात लावत असेल, कुणी शिक्षक मारत असेल तर भीती बरोबरच आहे, आणि 'तुला जमेल' म्हणून त्याच बसमध्ये परत बसवणं हा अन्याय आहे. तिथे मुलाला धीर द्यायचा आणि बदलायला लावायचं शाळेला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. त्यामुळे आधी विचारा, आणि 'का जायचं नाही' असं नका विचारू, 'शाळेतली सगळ्यात वाईट वेळ कुठली' असं विचारा, त्याचं उत्तर पटकन येतं: मधली सुट्टी, पीटी, बस, अमुक बाईंचा तास.

झोपेबद्दल थोडंसं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका. छानच. फक्त शरीरशास्त्र बघितलं तर सकाळी उठायचा सगळ्यात जास्त त्रास चौथीच्या मुलांना नसतोच, वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री एक-दोन तास उशिरा सुटायला लागतं, म्हणजे आठवी ते बारावी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत असं सांगितलं होतं. आपल्याकडे सात वाजताची शाळा नेमकी मोठ्यांची, त्यातून रात्री नऊपर्यंत क्लास. त्या वयात ८ ते १० तास झोप लागते, हिशोब करून बघा कुठून आणणार.

आणि मदत लागलीच तर? जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सोशल वर्कर असायला हवा, आणि त्याहून लहान असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायला हवं. आपल्या गावाकडच्या झेडपीच्या कितीतरी शाळा या शंभरच्या आतल्याच, त्यामुळे तिथे 'बाहेरचे तज्ज्ञ' म्हणजे नक्की कोण आणि फोन कुणी करायचा हे हेडसरांना आत्ताच विचारून ठेवलेलं बरं. तज्ज्ञच पाहिजे असंही प्रत्येक वेळी नसतं, संगाथनेच दिल्लीतल्या सरकारी शाळांमध्ये साध्या समुपदेशकांकडून तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या भेटी घेऊन बघितल्या, अडचण नीट मांड, पर्याय शोध, एक करून बघ, एवढंच चित्रांच्या पुस्तिकेतून शिकवलं, आणि मुलांना स्वतःच्या अडचणींचा त्रास कमी झालेला दिसला.

पण झोप, जेवण, मित्र सगळंच सुटत चाललं असेल, किंवा मूल जगण्यातच अर्थ नाही असं बोललं, गमतीत बोललं तरी, तर वाट बघू नका आणि मुलाला एकटं ठेवू नका. टेली मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात, आणि पालकांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो. मुलावर कुणी अत्याचार करत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.