हॅगिसमधलं फुफ्फुस आणि अमेरिकेतले स्कॉटिश मेळे

जानेवारीचा शेवटचा आठवडा जवळ आला की अमेरिकेतल्या आणि स्कॉटलंडमधल्या वर्तमानपत्रांत हॅगिसची, म्हणजे मेंढीच्या काळीज-फुफ्फुसांच्या स्कॉटिश पदार्थाची, बातमी ठरलेली. कधी अमेरिकेतली 'बंदी उठणार', कधी 'बंदी कायम'. 2010 च्या जानेवारीत तर बंदी उठत असल्याचं ठळक मथळ्यात छापून आलं. प्रत्यक्षात नियम होता तिथेच राहिला. या बातम्यांत बहुतेक वेळा दोन निरनिराळ्या बंद्यांची सरमिसळ झालेली असते. ती सोडवायची तर स्कॉटिश कुळांचे तंबू, टार्टनच्या म्हणजे रंगीत चौकड्यांच्या कापडाच्या मिरवणुका आणि स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीचं, 25 जानेवारीचं जेवण, म्हणजे बर्न्स सपर, हा सगळा सरंजाम अमेरिकेत कधी उभा राहिला, हे आधी पाहिलेलं बरं. तो दिसतो तेवढा जुना नाही.

हायलँड्समधून, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून, थेट अमेरिकेत वस्ती करायला आलेले लोक अठराव्या शतकात होते, पण ठरावीक ठिकाणी. जॉर्जियातलं डॅरियन 1736 मध्ये वसलं ते इन्व्हर्नेस भागातून मुद्दाम गोळा केलेल्या कुटुंबांचं, कारण स्पॅनिश फ्लोरिडाच्या तोंडाशी असलेली वसाहत राखायला लढणारी माणसं हवी होती. 1739 मध्ये आर्गाइलहून साडेतीनशेच्या आसपास माणसं नॉर्थ कॅरोलायनात केप फिअर नदीच्या खोऱ्यात उतरली, आणि पुढच्या काही दशकांत तिथे गेलिक बोलणाऱ्यांची मोठी वस्ती झाली. यानंतरची गोष्ट मात्र मेळ्यांमध्ये जरा घाईघाईने सांगितली जाते. 1776 च्या फेब्रुवारीत मूर्स क्रीकच्या पुलावर हे हायलँडर लढले ते ब्रिटनच्या राजाच्या बाजूने, आणि हरले. तीसच वर्षांपूर्वी कलोडनच्या लढाईत ज्या राजघराण्याने हायलँडर फौज चिरडली, त्याच घराण्यासाठी. कलोडनला हरून पळणाऱ्या बंडखोर राजपुत्राला, चार्ल्स स्ट्युअर्टला, बाईच्या वेशात बेटावर पोचवणारी प्रसिद्ध फ्लोरा मॅक्डोनाल्डसुद्धा तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातच होती. नवरा राजाकडून लढताना पकडला गेला, मळा हातचा गेला आणि ती स्कॉटलंडला परतली.

आज स्वतःला स्कॉटिश म्हणवणाऱ्या अमेरिकनांपैकी पुष्कळांचे पूर्वज तर हायलँडरही नव्हते. ते लोलँड्सचे म्हणजे दक्षिणेकडच्या सखल भागातले, किंवा उत्तर आयर्लंडच्या अल्स्टरमार्गे आलेले प्रेस्बिटेरियन. त्यांच्या खापरपणजोबांनी किल्ट, म्हणजे हायलँडरांचा घागऱ्यासारखा पोशाख, घातला नसता. किल्टवाला दिसला असता तर चोरीच्या धास्तीने आधी गोठ्यातली गुरं मोजून घेतली असती.

आडनावागणिक टार्टन हाही एकोणिसाव्या शतकातला उद्योग. 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, त्याच्या स्वागताला कुळप्रमुखांनी आपापल्या कुळाच्या टार्टनमध्ये यावं असं ठरलं, आणि बॅनकबर्नच्या विणकरांचे माग रात्रंदिवस चालू लागले. आधी नुसत्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यांना कुळांची नावं चिकटली. 1842 मध्ये जुन्या हस्तलिखिताचा हवाला देत टार्टनचा एक देखणा ग्रंथ निघाला. तो बनावट असल्याचं पुढे उघड झालं, तरी त्यातले कितीतरी नमुने आजही दुकानांत आहेत आणि अमेरिकेतले लोक ते अभिमानाने अंगावर घालतात. त्यात गैर काही नाही. दोनशे वर्षं वापरात असलेलं कापड आता त्यांचंच झालं आहे.

अमेरिकेतल्या पहिल्या स्कॉटिश मेळ्यांत कुळाला फारसं महत्त्व नव्हतं. न्यूयॉर्कचा कॅलेडोनियन क्लब 1856 चा, सॅन फ्रान्सिस्कोचा 1866 चा. तिथे येणारे कामगार आणि कारागीर नुकतेच बोटीतून उतरलेले होते. आपण कुठले हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. भर होता तो गोळाफेक, हातोडाफेक, बांबूउडी आणि रोख बक्षिसांवर. तिकीट काढून हजारो लोक बघायला येत. पुढे महाविद्यालयांनी हेच खेळ आपल्या मैदानावर नेले आणि क्लबांची गर्दी ओसरली.

कुळाला महत्त्व आलं ते विसाव्या शतकात, स्कॉटलंड कधीच न पाहिलेल्या नातवंडा-पतवंडांच्या काळात. टार्टनचे तुकडे चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद देण्याचा जो विधी आता जवळजवळ प्रत्येक मेळ्याच्या रविवारी होतो, तो 1941 मध्ये वॉशिंग्टनच्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये सुरू झाला. युद्धात पोळलेल्या स्कॉटलंडसाठी निधी जमवायचा होता. कलोडननंतर टार्टनवर बंदी होती, तेव्हा लोक कपड्याआड तुकडा लपवून प्रार्थनेच्या वेळी त्याला गुपचूप हात लावत, अशी कथा या विधीबरोबर सांगितली जाते. तिला पुरावा नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रँडफादर माउंटनचा मेळा 1956 चा. पहिली तारीख 19 ऑगस्ट निवडली, कारण 1745 मध्ये त्याच दिवशी स्कॉटलंडमधल्या ग्लेनफिनानला, कलोडनला संपलेल्या त्या बंडाचं निशाण उभारलं होतं. आता हा मेळा जुलैत भरतो. गुरुवारी संध्याकाळी मशाली पेटतात आणि एकेका कुळाचा प्रतिनिधी पुढे येऊन आपलं कुळ हजर असल्याची ललकारी देतो.

6 एप्रिलचा टार्टन डे तर त्याहून अलीकडचा. 1998 मध्ये सेनेटने ठराव केला आणि त्यात अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा पुकारा करणाऱ्या 1320 च्या आर्ब्रोथच्या जाहीरनाम्यावर बेतल्याचं लिहून टाकलं. इतिहासकारांना तसा धागा सापडलेला नाही, पण ठराव एकदा झाला की तो दरवर्षी वाचला जातो.

मैदानाच्या कडेने ओळीने कुळांचे तंबू असतात. टेबलावर टार्टनची चादर, मागे कुळाचं बोधचिन्ह, पुढे नोंदवही. आलेला माणूस आडनाव सांगतो. ते कुळाचं नसेल तर त्या कुळाच्या आश्रयाला असलेल्या उपनावांची लांबलचक यादी काढली जाते, आणि त्यात नाही असं आडनाव सहसा निघत नाही. मग वर्गणीचा फॉर्म येतो. फॉर्मच्या शेजारी बशीत शॉर्टब्रेड असतं, बहुतेक वेळा कुणीतरी घरून करून आणलेलं: लोणी, साखर, मैदा, कधी थोडं तांदळाचं पीठ, वर काट्याने टोचलेली भोकं. ओटकेक, सुंठ घातलेला केक आणि मांस भरून भाजलेली छोटी पाई हेही असतं. स्कॉच एग म्हणजे खिम्यात गुंडाळून तळलेलं उकडलेलं अंडं. त्याचा स्कॉटलंडशी संबंध बेताचाच, पण अमेरिकेतल्या मेळ्यात त्याच्यापुढची रांग सगळ्यात मोठी.

आणि हॅगिस. ते मुळात स्कॉटिशच का, यावर इंग्लंडमधल्या पाकपुस्तकांचे दाखले देऊन वाद घालणारे आहेत. लँकशरकडच्या पंधराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात त्याची कृती सापडते. पण 1786 मध्ये रॉबर्ट बर्न्सने त्याच्यावर कविता केली आणि हा वाद व्यवहारात निकाली निघाला. 1801 मध्ये अॅलोवेला कवीचे नऊ स्नेही त्याच्या स्मरणार्थ जेवायला बसले, तेव्हा ताटात हॅगिस होतं आणि ती कविताही म्हटली गेली. अमेरिकेतल्या बर्न्स सपरचा क्रम अजून तोच आहे: बॅगपाइपच्या मागोमाग हॅगिसचं ताट येतं, कविता होते आणि ठरलेल्या ओळीला सुरी आत जाते.

ताटातलं हॅगिस मात्र तेच नसतं.

पारंपरिक हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, हृदय आणि फुफ्फुसं उकडून, बारीक करून, ओट, कांदा, चरबी, मिरी मिसळून मेंढीच्याच पोटात भरून पुन्हा उकडलेलं. जुन्या कृतींत एक सूचना हमखास असते: तिन्ही अवयव श्वासनलिकेसकट एकत्र उकडायचे आणि नलिकेचं टोक भांड्याच्या काठावरून बाहेर लोंबत ठेवायचं, खाली वाटी ठेवायची, म्हणजे आतला फेस आणि घाण त्या वाटीत गळून पडते. वजडी चुना लावून, गरम पाण्यात खरवडून साफ करणाऱ्या घरांना यात किळस येण्यासारखं काही वाटणार नाही. फुफ्फुसाचं प्रमाण फार नसतं, शंभरात दहा-पंधरा भाग. पण त्यानेच मिश्रण हलकं आणि मोकळं होतं. ते काढलं की काळजाची चव वरचढ होते आणि गोळा दडस बनतो.

1971 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने नियम केला. त्याचा मथितार्थ एका वाक्याचा: कत्तलीच्या जनावरांची फुफ्फुसं माणसाच्या खाण्यासाठी राखून ठेवायची नाहीत. त्यात हॅगिसचं नाव नाही, स्कॉटलंडचं नाव नाही, आयातीचाही खास उल्लेख नाही. अमेरिकेतल्या अमेरिकेत कापलेल्या मेंढीलाही तो तितकाच लागू. कारण असं दिलं गेलं की कत्तलीच्या वेळी पोटातला ऐवज श्वासनलिकेत ओढला जाऊ शकतो. शिवाय धूळ, परागकण आणि बुरशीचे कण बारीक फांद्यांपर्यंत पोचलेले असतात, आणि तपासनीस वरून बघून ते सांगू शकत नाही. प्रत्येक फुफ्फुस उभं-आडवं चिरून पाहणं कत्तलखान्याच्या वेगात जमणारं नाही. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात ती जायला मात्र वाट ठेवली.

खात्याचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. पण फुफ्फुस कच्चं कुणी खात नाही, आणि तासन्‌तास उकडून केलेल्या पदार्थात परागकणाने कुणाचं काय बिघडतं, याचं समाधानकारक उत्तर त्या नियमात मिळत नाही. युरोपात तीच फुफ्फुसं तपासून विकली जातात. तेव्हा विरोध का झाला नाही, हेही कळण्यासारखं आहे. अमेरिकन माणूस वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो मेंढीचं मांस खातो. फुफ्फुसांना बाजारच नव्हता, मग भांडणार कोण? पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घरांतला फुफ्फुसांचा रस्सा, सिसिलीच्या लोकांचं प्लीहा आणि फुफ्फुस घातलेलं सँडविच, फिलिपिनो लोकांचं बोपिस, हे सगळं त्याच वाक्याने बेकायदा झालं. गाजावाजा झाला तो फक्त हॅगिसचा, कारण त्याच्या पाठीशी कविता, पाइप आणि जानेवारीतली एक पक्की तारीख होती.

दुसरी बंदी 1989 ची. ब्रिटनमध्ये गुरांना 'मॅड काऊ' रोगाची लागण झाली आणि अमेरिकेने तिथलं गोमांस व मेंढीचं मांस बंद केलं. तिचा फुफ्फुसाशी काही संबंध नव्हता. याआधी फुफ्फुस न घातलेलं ब्रिटिश हॅगिस निदान नियमाप्रमाणे येऊ शकलं असतं. आता तेही बंद. पुढची तीस-बत्तीस वर्षं दोन्ही कुलुपं एकाच दारावर राहिली आणि बातमीदारांनी त्यांना एकच समजायला सुरुवात केली. 'हॅगिसवर 1971 पासून बंदी' हे वाक्य त्यातूनच रूढ झालं. हॅगिसवर बंदी कधीच नव्हती. अमेरिकेत ते सगळा काळ बनत होतं, डब्यात मिळत होतं, गोठवून घरपोच येत होतं. मेंढीचं किंवा गायीचं काळीज, हृदय, कुठे जीभ, आणि पोटाऐवजी बहुधा कृत्रिम आवरण. चाळीस-पन्नास वर्षं हेच खाऊन मोठी झालेली एक पिढी मेळ्यांमध्ये आहे. तिला एडिंबरात अस्सल हॅगिस मिळालं तर ते भुसभुशीत वाटतं, आणि याला बिघडलेली जीभ म्हणणं मला पटत नाही.

ब्रिटिश मंत्र्यांनी या प्रश्नासाठी वॉशिंग्टनला बऱ्याच चकरा मारल्या. 2014 मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी तिथल्या बैठकीत हॅगिसचा विषय काढला. आश्वासनांपलीकडे काही झालं नाही. 2022 च्या जानेवारीत मेंढीच्या मांसावरची बंदी अखेर उठली आणि दुसरं कुलूप निघालं. पहिलं अजून आहे.

आयर्न-ब्रू या स्कॉटिश पेयाची गोष्टही याच वळणाची. त्या नारिंगी पेयातला एक लाल रंग अमेरिकेत मान्य नसल्याने तिथे रंग बदलून ते विकावं लागलं. चवीत फरक पडत नाही म्हणतात. तरी मूळ बाटली कुठे मिळते याची चौकशी तंबूंतून चालूच असते.

स्कॉटलंडमधल्या एका जुन्या उत्पादकाने कॅनडासाठी 2017 मध्ये फुफ्फुसाऐवजी मेंढीचं हृदय वाढवून हॅगिस पाठवलं होतं. अमेरिकेसाठी तसंच करणार असल्याचं त्याने 2025 मध्ये जाहीर केलं. यामुळे 1971 चा नियम बदलण्याची मागणी आणखी मागे पडेल असं दिसतं. ब्रिटिश निर्यातदाराचा माल फुफ्फुसाशिवाय विकला जाऊ लागला की त्याच्यासाठी खेटे घालायचं मंत्र्यांना कारण राहत नाही, आणि ज्यू, सिसिलियन किंवा फिलिपिनो स्वयंपाकघरांसाठी तसे खेटे आजवर कुणीच घातलेले नाहीत.