रिअर विंडो

रिअर विंडो : आल्फ्रेड हिचकॉक दिग्दर्शित अमेरिकन रहस्यपट (१९५४). पाय मोडल्याने चाकाच्या खुर्चीत अडकलेला छायाचित्रकार जेफरीझ (जेम्स स्ट्यूअर्ट) मागच्या खिडकीतून शेजाऱ्यांची घरे न्याहाळतो. समोरच्या थोरवाल्डने बायकोचा खून केला, असा त्याला संशय येतो.

कथाबीज कॉर्नेल वुलरिच यांच्या १९४२ मधील कथेचे. पटकथा जॉन मायकल हेझ यांची. वुलरिच यांच्याही मागे एच. जी. वेल्स यांची १८९४ मधील एक कथा असावी, असे काही अभ्यासक मानतात. तिच्यातही खिडकीशी खिळलेला रुग्ण आहे आणि अंगावर आलेल्या हल्लेखोराला तो औषधाच्या बाटल्या फेकून मारतो. साम्य लक्षणीय असले तरी एवढ्यावरून उसनवारी ठरत नाही. इंग्लंडमधील क्रिपेन (१९१०) आणि मेहॉन (१९२४) या खून खटल्यांचा आधार अधिक भक्कम, कारण तो खुद्द हिचकॉक यांनी सांगितला आहे. बायकोच्या दागिन्यांवरून बळावणारा संशय पहिल्यातला, प्रेताचे तुकडे करणे दुसऱ्यातले. वुलरिच १९६८ मध्ये, स्वामित्वहक्काच्या नूतनीकरणापूर्वीच वारले. त्यातून चित्रपट पुढे दाखवण्याच्या हक्काबद्दल उद्भवलेल्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये कथेच्या नव्या हक्कधारकाच्या बाजूने निकाल दिला.

खिडकीसमोर दिसणारे, न्यूयॉर्कमधील ग्रेनिच व्हिलेज या वस्तीतले अंगण पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभारले होते. स्टेजची जमीन काढून तळघराच्या पातळीवर अंगण केले. त्यामुळे नायकाची खोली स्टेजच्या पातळीवर आली. भोवती ३१ सदनिका होत्या. पलीकडच्या नटांना सूचना देण्यासाठी त्यांच्या कानात त्वचेच्या रंगाचे छोटे रेडिओ-श्रवणयंत्र बसवले होते. छायालेखक रॉबर्ट बर्क्स यांचा कॅमेरा बहुतांशी नायकाच्या खोलीतच राहतो. जवळचे दाखवायचे तर लांब पल्ल्याचे भिंग लावायचे. कॅमेराच पुढे नेला तर खालच्या मजल्याकडे पाहण्याचा कोन बदलतो आणि ती नजर जेफरीझची राहत नाही. हा नियम मोजक्या ठिकाणी मोडतो. जेफरीझ झोपेत असताना थोरवाल्ड काळ्या कपड्यांतील एका स्त्रीसह बाहेर पडतो, ते फक्त प्रेक्षकाला दिसते. जेफरीझचे म्हणणे खरे मानावे की नाही, हा पेच तिथूनच प्रेक्षकाचाही होतो.

चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही (१९७५) यांनी या चित्रपटात पुरुषी नजरेची सत्ता पाहिली. दुसऱ्या अभ्यासक टॅनिया मॉडलेस्की (१९८८) नायकाची प्रेयसी लिसा (ग्रेस केली) हिच्या कृतिशीलतेकडे लक्ष वेधतात, आणि दृश्ये त्यांच्या बाजूने अधिक बोलतात. खुर्चीतला नायक हतबल असताना लिसा अंगण ओलांडून थोरवाल्डच्या घरात शिरते. पकडली गेल्यावर ती हात पाठीमागे घेऊन बोटातली, खून झालेल्या बाईची अंगठी नायकाला खुणेने दाखवते. ती खूण थोरवाल्डच्या ध्यानात येते, तो मान वर करतो आणि प्रथमच सरळ भिंगात पाहतो.