बारावीनंतरची केंद्रीय शिष्यवृत्ती: अर्ज कसा भरायचा आणि ती टिकवायची कशी

बारावीचा निकाल लागला की साताऱ्याच्या सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लागतात. त्या रांगेतल्या कितीतरी मुलांना केंद्र सरकारच्या 'सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप'चं नावही माहीत नसतं. मी एका कॉलेजात शिकवतो आणि दरवर्षी मुलांचे हे अर्ज भरून घेतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ही शिष्यवृत्ती पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये देते. पुढे पदव्युत्तर शिक्षण घेतलं, किंवा अभ्यासक्रम चार-पाच वर्षांचा असला, तर त्या पुढच्या वर्षांना २०,००० मिळतात. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या असतात आणि त्यातल्या निम्म्या मुलींसाठी आहेत.

पात्रतेत सगळ्यात जास्त गोंधळ पर्सेंटाइलचा होतो. अट ८० पर्सेंटाइलच्या वर असण्याची आहे, ८० टक्क्यांची नाही. तुमच्या शाखेत पास झालेल्यांपैकी ऐंशी टक्के मुलांपेक्षा तुमचे गुण जास्त हवेत, एवढाच त्याचा अर्थ. कला, वाणिज्य, विज्ञान यांचा हिशोब वेगवेगळा होतो. कलाशाखेची मुलं ७४ टक्के बघून घरी बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या बोर्डाची आपल्या शाखेची कटऑफ बघितल्याशिवाय अर्ज सोडून देऊ नका. बाकीच्या अटी सरळ आहेत: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, आणि प्रवेश नियमित पदवी अभ्यासक्रमाला. पत्राद्वारे शिक्षण किंवा डिप्लोमा चालत नाही.

एक निर्णय मात्र घरात बसून, कागदावर आकडे मांडून घ्या. ही शिष्यवृत्ती घेतली तर दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेता येत नाही, त्यात महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या योजनाही आल्या. अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्याची फी कमी असते, त्याला हे १२,००० बहुतेक वेळा परवडतात. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलीला राज्याच्या योजनेतून फी माफ होत असेल तर तिने तीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. आधी एकदाच करायची नोंदणी, म्हणजे ओटीआर. ती आधारवर होते, मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवावी लागते आणि १४ अंकी नंबर मिळतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सगळ्या शिक्षणभर तोच लागणार आहे. मग अर्ज भरताना कॉलेज यादीतून निवडायचं असतं. तिथे जिल्हा आणि गाव नीट बघा. यशवंतराव चव्हाणांच्या नावाची कॉलेजं साताऱ्यात आहेत आणि बाहेरही आहेत. चुकीचं निवडलंत तर अर्ज भलत्याच कॉलेजच्या लॉगिनला जाऊन पडतो.

कागदपत्रांत बारावीचं गुणपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक, प्रवेशाची पावती आणि बोनाफाईड हाताशी ठेवा. राखीव प्रवर्गातून अर्ज करत असाल तर जातीचा दाखला, दिव्यांग असाल तर त्याचं प्रमाणपत्र. गुणपत्रकावर आपल्याकडे आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. क्रम वेगळा असला तरी स्पेलिंग तरी एक हवं. उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढायला घ्या. शेती असेल तर सातबारा, आठ-अ घेऊन तलाठ्याकडे जावं लागतं आणि पेरणीच्या दिवसांत घरात कुणाला सवड नसते.

अर्ज पाठवला म्हणजे काम झालं, असं धरू नका. पहिली पडताळणी कॉलेजात होते, दुसरी त्याच्या वर. अर्जात त्रुटी दाखवली तर मुदतीत दुरुस्त करून परत पाठवावा लागतो. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा आणि गरज पडली तर कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्यांना, म्हणजे शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्यांना, जाऊन भेटा.

आणि पैसे. जावळीतली एक विद्यार्थिनी माझ्यापुढे पासबुक उघडून बसली होती. पोर्टलवर रक्कम जमा, पासबुकात शेवटची नोंद आईने भरलेल्या पाचशे रुपयांची. दोन दिवस शोधल्यावर कळलं की नवं सिम घेताना तिच्या नावावर एक वेगळंच खातं उघडलं गेलं होतं आणि आधार त्याला जोडलं गेलं होतं. रक्कम तिथे गेली होती. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग', म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठीची आधार जोडणी, असंच विचारा. नुसतं 'आधार लिंक आहे का' विचारलंत तर 'हो' म्हणतील आणि प्रश्न तसाच राहील.

आता नूतनीकरण. मिळालेली शिष्यवृत्ती मुलं इथेच गमावतात. दरवर्षी त्याच पोर्टलवर पुन्हा अर्ज, आधीच्या वर्षात किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. रॅगिंगसारखी तक्रार नावावर नको. गुणांची अडचण या मुलांना सहसा येत नाही, हजेरी मात्र घात करते. कारण हीच मुलं एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) असतात, युवा महोत्सवाच्या एकांकिकेत असतात, पहाटे तालमीला जातात, कुणी 'कमवा आणि शिका'त काम करतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तेव्हापासून अंगमेहनत करून शिकणं या गावाला नवं नाही. या शिष्यवृत्तीत समाजसेवेला वेगळे गुण नाहीत, तरी समाजसेवा सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही.

हजेरीचा हिशोब मात्र ठेवा. समजा एका विषयाचे सत्रात ४८ तास झाले, तर ३६ ला हजर राहावं लागतं. हाताशी उरतात १२. एनएसएसचे वर्षाला १२० तास असतात, ते बहुतेक शनिवार-रविवारी भरून निघतात. सात दिवसांचं विशेष शिबिर तासांच्या दिवसांत आलं तर आठवड्याला चार तास असलेल्या विषयाचे चार जातात. उरले आठ. त्यातच आजारपण, घरची सुगी आणि एकांकिकेच्या तालमी बसवायच्या. माण तालुक्यात एनएसएसच्या बंधाऱ्याच्या कामावर गेलेला आमचा एक विद्यार्थी वहीच्या मागच्या पानावर विषयवार रेघा मारायचा आणि शिबिराला निघण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांचं पत्र प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना स्वतः नेऊन द्यायचा. परत आल्यावर त्याची रजा हजेरीपत्रकात 'कॉलेजच्या कामावर' अशी नोंदली गेली आहे का, हे तो त्याच आठवड्यात बघायचा. सत्र संपल्यावर अशी नोंद करून घेणं जवळजवळ अशक्य असतं.