मणक्यांवरील शस्त्रक्रिया

पाठीच्या कण्यातील हाड, गादी (दोन मणक्यांमधली मऊ चकती) किंवा सांधा बिघडल्यामुळे मज्जारज्जूवर अथवा त्यातून निघणाऱ्या नसांवर दाब आला, किंवा कणा अस्थिर वा वाकडा झाला, तर तो दोष दूर करण्यासाठी या शस्त्रक्रिया केल्या जातात. त्यांचे प्रकार पुष्कळ असले, तरी मूळ उद्देश दबलेली नस मोकळी करणे आणि डळमळीत कणा स्थिर करणे हाच असतो. नस दबलेली नसताना व मणका हललेला नसताना होणाऱ्या नुसत्या कंबरदुखीत शस्त्रक्रियेचा भरवसा देता येत नाही. एक्स-रेमध्ये ‘गॅप’, म्हणजे गादी झिजल्याची खूण, दिसली एवढ्यावरून ऑपरेशन ठरवणे चुकीचे आहे. उतारवयात अशी झीज काहीही त्रास नसलेल्यांतही आढळते.

सांगली व सातारा जिल्ह्यांत या विकारांचे रुग्ण शेती आणि हमालीच्या कामांतून मोठ्या संख्येने येतात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीवर चढणारे तोडकरी आणि सांगलीच्या बाजारात हळदीची पोती वाहणारे हमाल यांच्या कण्यावर वर्षानुवर्षे भार पडत असतो. उपचारासाठी मिरज हे या भागातले जुने केंद्र आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे मिशन रुग्णालय उभारले आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येथे येतात. सातारा जिल्ह्यात कराडचे कृष्णा रुग्णालय हे असेच मोठे केंद्र आहे.

सर्वांत अधिक आढळणारा विकार गादी सरकण्याचा. गादीचे बाहेरचे कडे फाटून आतला मऊ भाग मागे येतो आणि नसेवर टेकतो, त्यामुळे कमरेपासून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत, कळ जाते. कमरेचा चौथा व पाचवा मणका यांच्यामधली आणि पाचव्याच्या खालची, या दोन गाद्या बहुतेक वेळा दोषी असतात. गादीचा हाच तुकडा सायटिकेचे, म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या या कळेचे, कारण असतो, हे मिक्स्टर व बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. बहुतेक रुग्णांचे दुखणे औषधे, बेताची हालचाल आणि व्यायाम यांनी ६ ते १२ आठवड्यांत ओसरते. बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच जिरवून टाकते. तेवढे थांबूनही पायाची कळ हटली नाही आणि एमआरआयमधील दोष लक्षणांशी जुळला, तर सूक्ष्मदर्शकाखाली गादीचा तुकडा काढतात. रुग्णाला पालथे निजवून, पोट दाबले जाणार नाही अशी उशांची बैठक करतात, कारण पोटावर दाब आला की कण्यातील शिरा फुगून रक्तस्राव वाढतो. मणका नेमका तोच आहे याची क्ष-किरणाने खात्री करून साधारण दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून नस हळूच बाजूला सारली जाते व तुकडा निघतो. पायाची कळ बहुधा लगेच उतरते. कंबरदुखीबद्दल मात्र तितकी हमी नसते, आणि हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे.

वयस्कांत मज्जारज्जूची नळी अरुंद होते. अशा माणसाला थोडे चालल्यावर पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटते. त्यामुळे अजिंक्यताऱ्याची चढण त्याला एकवेळ जमते, उतरण मात्र जड जाते, कारण उतरताना कंबर मागे झुकून नळी आणखी आवळते. येथे मणक्याच्या मागच्या कमानीचे हाड काढून जागा मोकळी करतात. मणका पुढे सरकलेला असेल, तर स्क्रू व सळ्या बसवून दोन मणके एकमेकांना जोडावे लागतात.

कण्याच्या क्षयरोगावर मुख्य उपचार औषधांचाच आहे. मज्जारज्जू दबून पाय लुळे पडू लागले, पू साचून राहिला किंवा कुबड वाढत गेले, तरच शस्त्रक्रिया करतात. हाँगकाँगमध्ये १९५०च्या दशकात समोरून छेद घेऊन रोगट हाड काढण्याची पद्धत रूढ झाली, भारतात अस्थिशल्यचिकित्सक डॉ. तुली यांनी औषधांवर भर देऊन निवडक रुग्णांवरच शस्त्रक्रिया करण्याचा मध्यममार्ग मांडला. ठिसूळ होऊन दबलेल्या मणक्यात सिमेंटही भरतात; मणक्यात सिमेंट भरण्याची पद्धत १९८४ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम वापरली गेली.

काही स्थितींत थांबणे घातक ठरते. लघवी अडणे, जांघेची व गुदद्वाराभोवतीची जागा बधिर होणे ही लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया जितकी लवकर, शक्यतो ४८ तासांच्या आत, तितका लाभ अधिक. शर्टाचे बटण लावता न येणे, पायातली चप्पल नकळत निसटणे, ही मानेतील मज्जारज्जू दबल्याची खूण असू शकते. झाडावरून किंवा विहिरीत पडलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी धरून जीपमध्ये कोंबू नये. तीन-चार जणांनी मान, पाठ व पाय एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे.

मज्जारज्जूचे आवरण फाटणे, जंतुसंसर्ग, नसेला इजा आणि गादी पुन्हा सरकणे हे धोके राहतात. अनियंत्रित मधुमेहाने संसर्गाची शक्यता वाढते. मणके जोडायचे असतील तर तंबाखू व मशेरी सोडावी लागते, कारण निकोटिनमुळे हाड नीट सांधत नाही. गादी काढलेला रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी चालू लागतो, पण वजन उचलण्याची मनाई काही आठवडे असते. मणके जोडलेल्यांना ती कित्येक महिने पाळावी लागते. तोडकऱ्याचा गळीत हंगाम त्यात बुडू शकतो, म्हणून तातडी नसेल तेथे शस्त्रक्रियेची तारीख त्याच्या कामाचा विचार करून ठरवणे योग्य.