सिद्धेश्वर नीट दिसतंय का?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेवरचे माझे जुने लेख स्वतःच्या साइटवर ठेवायचे, असं गेल्या महिन्यात मनावर घेतलं. डोमेन, म्हणजे साइटचं नाव घेतलं, पानं चढवली. माझ्या मोबाइलवर साइट उघडली. सात रस्त्याजवळ राहणाऱ्या मित्राला मात्र रात्रीपर्यंत साइटला जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्यांचं कोरं पान. ‘चालू झाली म्हणतोस ना?’ म्हणून त्याचा फोन.

चूक कुणाचीच नव्हती. एके काळी नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत असत, आणि ती अमेरिकेतली एक संस्था सांभाळायची. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था आखली आणि ती यादी जगभरच्या सर्व्हरांवर विभागली गेली. हे सर्व्हर एकदा मिळालेलं उत्तर ठरलेल्या मुदतीपर्यंत जपून ठेवतात. मित्राच्या वाट्याला शिळं उत्तर आलं, एवढंच.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा प्रश्न याहून साधा होता. १९९० च्या अखेरीस सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतल्या त्यांच्याच टेबलावरचा संगणक वेबचा पहिला सर्व्हर झाला. कुणी तो बंद करू नये म्हणून त्यांनी वर हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवली होती!

भारतात सामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. आमच्यापर्यंत ते पोचलं सायबर कॅफेतून. जिओसिटीज या साइटवर स्वतःच्या पानांसाठी फुकट जागा मिळायची. तिथं मी पहिलं पान केलं. खाली भेटींचा आकडा फिरायचा, त्यातल्या निम्म्या भेटी माझ्याच.

खरी परीक्षा शेजारच्या संगणकावर. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवायचे. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला की लेखाची भेळ. म्हणून पानावर पहिली ओळ ‘आधी फॉन्ट उतरवून घ्या’. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतप्रणालीत देवनागरी १९९१ पासून होती, पण संगणकांना ती नीट जुळवता यायला बरीच वर्षं गेली. विंडोज एक्सपीवर त्यासाठी वेगळी सोय चालू करावी लागे, आणि ती करताना विंडोजची सीडी मागितली जाई. ती कॅफेवाल्याकडे कुठली! मग ‘सिद्धेश्वर’ची वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जाऊन बसायची, ‘द’चा पाय मोडायचा. तेव्हापासून माझा चाचणीचा शब्द ग्रामदैवताचाच. वेलांटी, दोन जोडाक्षरं, सगळं एकात.

जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, त्यात माझं पानही गेलं. २०१४ साली ‘.भारत’ आलं, म्हणजे पत्ताही देवनागरीत लिहिता येऊ लागला. मी मात्र रोमनच घेतला. फोनवर सांगायला सोपा.

दुसऱ्या दिवशी मित्राने स्क्रीनशॉट पाठवला. सिद्धेश्वर ठणठणीत, पण चादरीच्या दुकानावरच्या लेखाचं शीर्षक बिघडलेलं. ‘गिऱ्हाईक’मधला अर्धा र त्या देखण्या फॉन्टात नव्हताच. फॉन्ट बदलला, आणि त्याला पुन्हा उघडून बघायला सांगितलं.